हॉलिडे क्लबचं वीक भाड्याने द्यायचंय, भाव काय लावू?

यावेळी टाइमशेअर (म्हणजे रिसॉर्टमधली खोली दरवर्षी ठरावीक दिवस, बहुधा एक आठवडा म्हणजे 'वीक', वापरायचा हक्क) आणि हॉलिडे मेंबरशिपवरच इतके प्रश्न आलेत की सगळा कॉलम त्यालाच देतेय. सुट्ट्या जवळ आल्या की ज्यांना जाता येत नाही ते आपले दिवस ऑनलाइन टाकतात, आणि मग भाव काय लावायचा, कोणावर विश्वास ठेवायचा, हे सुरू होतं. पत्रं थोडी कापून घेतलीत.

प्रश्न: नमस्कार ताई. मी रिटायर्ड आहे, कोथरूडला राहतो. २०१४ साली एका क्लबची २५ वर्षांची मेंबरशिप घेतली, तेव्हा ४ लाख भरले. आता गुडघ्यांमुळे आम्हा दोघांचं फिरणं जवळपास बंद, पण वार्षिक फी चालूच आहे, टॅक्स धरून २८ हजार. मुलगा म्हणाला महाबळेश्वरच्या ७ रात्री बुक करा आणि साइटवर टाका. जुलैतल्या तारखा मिळाल्या. ४ लाख भागिले २५ म्हणजे वर्षाचे १६ हजार, त्यात २८ हजार, भागिले ७, असे रात्रीचे ६,३०० लावले. चौकशा येतात, भाव ऐकला की पुढे काही नाही. हिशोब तर बरोबर आहे ना?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: काका, गणित बरोबर आहे पण ते तुमच्या खर्चाचं गणित आहे, भाड्याचं नाही. घेणाऱ्याला तुम्ही २०१४ साली काय भरलं याच्याशी काही घेणं नसतं, तो मोबाइलवर दुसऱ्या टॅबमध्ये त्याच तारखांना महाबळेश्वरला हॉटेल कितीला मिळतंय ते बघत असतो.

पण भावाच्या आधी एक काम करा, करार काढा. जो मेंबरशिपच्या वेळी मिळालेला जाडजूड बाइंड केलेला गठ्ठा असतो ना, तो. आपल्याकडच्या बहुतेक मेंबरशिप म्हणजे खोलीची मालकी नसते, ठरावीक वर्षं वापरण्याचा हक्क असतो, आणि तो हक्क कोणाला वापरू द्यायचा हे करारात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी नातेवाईक-मित्रांना पाठवता येतं पण पैसे घेऊन देता येत नाही, काही ठिकाणी गेस्टची फी भरून चालतं, काही ठिकाणी काहीच लिहिलेलं नसतं तेव्हा क्लबला मेल करून लेखी उत्तर घ्यायचं, फोनवर कोणी "हो हो चालतं सर" म्हणालं ते धरायचं नाही. आणि करारात मनाई असेल तर जाहिरात काढून टाका. "रिसेप्शनला भाचा आहे म्हणून सांगा" असं सर्रास सुचवलं जातं, मला ते अजिबात पटत नाही, कारण पकडलं गेलं तर तुमची मेंबरशिप अडचणीत येतेच पण त्याहून वाईट म्हणजे एखादं कुटुंब लहान पोरं घेऊन घाट चढून वर जातं आणि काउंटरवर त्यांना खोली नाकारली जाते. तसं असेल तर दिवस पुढच्या वर्षात नेता येतात का ते विचारा, किंवा मुलालाच सुनेबरोबर पाठवा.

आता परवानगी आहे असं धरून चालू. जे ४ लाख भरले ते गेले, ते भाड्यातून काढायचा विचारच सोडा. आणि आता जे सांगते ते लोकांना पचत नाही, की या वर्षाची २८ हजार फीसुद्धा भावात धरायची नाही. का, तर ती तुम्ही भरलीच आहे, खोली गेली काय किंवा रिकामी राहिली काय ती परत येणार नाही. स्वारगेटहून सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट जशी नंतर विकता येत नाही तशीच गेलेली रात्र. म्हणून तुमचा खरा तळाचा भाव म्हणजे गेस्टच्या नावाची क्लबची फी आणि तुमच्या खटपटीचे थोडे पैसे, एवढाच. रात्रीचे ४ हजार हा आकडा, म्हणजे २८ भागिले ७, तो वेगळ्या प्रश्नासाठी जपून ठेवा: ही मेंबरशिप पुढे चालू ठेवायची का. सलग दोन-तीन वर्षं ४ हजाराच्या बरंच खाली जावं लागत असेल तर क्लबशी बाहेर पडायचं कसं यावर बोलायला हवं.

वरचा भाव कुठून येतो? तुमच्याच रिसॉर्टच्या रिकाम्या खोल्या बऱ्याचदा हॉटेल बुकिंगच्या साइट्सवर पण असतात. त्याच तारखा, तीच खोली, टॅक्ससकट शेवटी किती द्यावे लागतात तो आकडा बघा, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असतो तो नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के, म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते पण ८,००० ची ९,४४० ला. हा मधला उंबरठा भाव ठरवताना फार कामाचा आहे, हॉटेलचा दर त्याच्या वर असेल तर तुम्हाला बरीच जागा मिळते आणि खाली असेल तर चढाओढ खूप. त्या शेवटच्या आकड्यावरून माझ्या मते पाव ते एक तृतीयांश कमी करावेत. एवढे का, तर हॉटेलवाला बुकिंग रद्द करू देतो, क्रेडिट कार्ड घेतो, तक्रार ऐकायला कोणीतरी असतं, आणि तुमच्याकडे माणूस अनोळखी माणसाला पैसे पाठवतो, त्या धाकधुकीची किंमत तुम्हालाच सोसावी लागते. आणि दुसऱ्या मेंबर लोकांनी साइटवर काय भाव लावलेत ते बघून स्वतःचा ठरवू नका, ते मागितलेले भाव आहेत, त्यांची खोली गेली का आणि कितीला गेली हे तिथे दिसत नाही.

आणि काका, तुमची मुख्य अडचण तारखा आहेत. जुलैत महाबळेश्वर म्हणजे धो धो पाऊस, ऑर्थर सीटला उभं राहिलं की समोर पांढरं धुकं, दरी दिसतच नाही, घाटात दरड पडली की रस्ता बंद. मला स्वतःला तेव्हाचं महाबळेश्वर फार आवडतं पण ७ रात्री तिथे राहणारं कुटुंब मिळणं कठीण. पुण्यातून जाणारी मंडळी शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करून निघतात आणि रविवारी परत. तेव्हा क्लब तुकडे करू देत असेल तर शुक्रवार-शनिवार वेगळे टाका, भाव चांगला लावा, आणि सोमवार ते गुरुवारच्या रात्री जवळजवळ तळाच्या भावाला, ज्यांना घरून काम चालतं किंवा जे रिटायर्ड आहेत ते घेतील, जाहिरातीत वायफाय कसं आहे ते लिहा. पुढच्या वर्षी मात्र बुकिंग उघडलं की पहिल्याच दिवशी डिसेंबर-जानेवारी धरा, स्ट्रॉबेरीचा सीझन, थंडी, नाताळच्या सुट्ट्या, नाहीतर मेच्या. तुमच्या मेंबरशिपच्या सीझनमध्ये ते बसतंय का तेवढं बघा, कारण कमी सीझनची मेंबरशिप असेल तर त्या तारखा मिळणारच नाहीत.

प्रश्न: आमचं गोव्यात फिक्स वीक आहे, म्हणजे दरवर्षी तोच आठवडा, ४५ नंबरचा. काही वर्षी दिवाळीत म्हणून पटकन जातं आणि काही वर्षी कोणी विचारत पण नाही. भाव दरवर्षी तोच ठेवतो, थोडा वाढवून. बरोबर आहे का?
– पिंपळे सौदागरहून

उत्तर: नाही, आणि याचं कारण पंचांगात आहे. वीकचे नंबर इंग्रजी कॅलेंडरवर चालतात, १ ते ५२, एखाद्या वर्षी ५३, आणि आपली दिवाळी तिथीवर. वर्षातल्या पहिल्या शनिवारपासून मोजणारं कॅलेंडर असेल तर २०२५ मध्ये ४५ नंबर सुरू झाला ८ नोव्हेंबरला, तोवर फराळाचे डबे रिकामे झाले होते, लक्ष्मीपूजन ऑक्टोबरमध्येच झालं होतं. २०२६ मध्ये अधिक महिना आला, दिवाळी पुढे गेली, ४५ नंबर ७ नोव्हेंबरला सुरू आणि लक्ष्मीपूजन ८ ला, म्हणजे थेट दिवाळीत. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आणि तुमचं वीक ६ नोव्हेंबरला, परत बाहेर. तेव्हा एकच भाव ठेवून तुम्ही दिवाळीच्या वर्षी स्वस्तात देताय आणि बाकीच्या वर्षी अडवून बसताय. तुमच्या रिसॉर्टचं कॅलेंडर शुक्रवार किंवा रविवारपासून मोजत असेल तर एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होईल, ते त्यांच्याकडून पुढच्या तीन-चार वर्षांचं मागवा आणि कालनिर्णयशेजारी ठेवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

दिवाळीच्या आठवड्यातही सगळ्या रात्रींना सारखी मागणी नसते हे लक्षात घ्या. पुण्यातली घरं पाडवा-भाऊबीज झाल्याशिवाय सहसा हलत नाहीत, बहिणीकडे जेवायला जायचं असतं, तर गुजरातमधून येणारे लोक नवीन वर्षाच्या आसपास निघतात ते लाभपंचमीपर्यंत फिरतात. म्हणून २०२६ ला ११ तारखेच्या भाऊबीजेनंतरच्या रात्री आधी जातील. तुमचं वीक अखंडच द्यायचं असेल तर जाहिरात मराठीबरोबर हिंदी-गुजरातीतही टाका, सुरत-बडोद्याचे ग्रुप्स आहेत, पूर्ण आठवडा घेणारं गिऱ्हाईक तिकडे मिळायची शक्यता जास्त. जिथे दिवाळी नाही त्या वर्षी शाळा सुरू झालेल्या असतात, तेव्हा पोरं मोठी झालेली जोडपी हे तुमचं गिऱ्हाईक, त्यांना विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं का हे पहिलं बघायचं असतं. गोव्याला आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा, रिसॉर्ट कुठल्याला जवळ आणि टॅक्सीने साधारण किती वेळ लागतो हे लिहिलंत तर अर्धे फोन वाचतील, दक्षिण गोव्याला जाणारा माणूस मोपाला उतरला तर त्याचा प्रवासातच वेळ जातो.

कधी टाकायचं तर सणाचं वीक ५-६ महिने आधी, पूर्ण भावाला, आणि ते धरून ठेवायचं. साधं वीक ३ महिने आधी. दीड महिना उरला आणि गेलं नाही तर १५-२० टक्के उतरवा, दोन आठवडे उरले तर जो येईल त्याच्याशी बोला. एक मात्र करू नका, दर दोन दिवसांनी ५००-५०० कमी करत बसणं. लोक जाहिरात सेव्ह करून ठेवतात आणि वाट बघतात.

प्रश्न: आपलं वीक एक्स्चेंज कंपनीकडे जमा करून बदल्यात आम्हाला थायलंडचं वीक मिळालंय, जाणं जमत नाहीये, ते भाड्याने देऊ का?
– सहकारनगर

उत्तर: देऊ नका. आरसीआयसारख्या एक्स्चेंज कंपन्यांच्या नियमात एक्स्चेंजमध्ये मिळालेलं वीक भाड्याने देणं चालत नाही. गेस्ट सर्टिफिकेट काढून बहिणीला, मित्राला पाठवता येतं, त्याची फी असते, पण पैसे घेऊन नाही. भाड्याने द्यायचंच असेल तर पुढच्या वेळी आपलं मूळ वीक एक्स्चेंजला जमा करायच्या आधी विचार करा, एकदा जमा केलं की ते तुमचं राहत नाही.

प्रश्न: साइटवर जाहिरात टाकल्यापासून मला फोन येतायत. एक माणूस म्हणाला की त्यांच्याकडे कॉर्पोरेट क्लायंट तयार आहे, माझी पूर्ण मेंबरशिपच दुप्पट किमतीला घेतील, फक्त एनओसी आणि जीएसटीचे १८ हजार आधी भरायचे, ते नंतर रिफंड. माझा मेंबरशिप नंबर पण त्याला माहीत होता. खरं असेल का?
– सिंहगड रोडवरून एक ताई

उत्तर: नाही हो ताई, एक रुपया पाठवू नका. विकत घेणारा पैसे देतो, विकणाऱ्याकडून घेत नाही, एवढं धरून ठेवलं तरी पुष्कळ. जुनी मेंबरशिप कोणी दुप्पट किमतीला घेत नाही, आणि ट्रान्सफरची जी काही फी असेल ती क्लबच्या अधिकृत खात्यात, क्लबच्या पावतीवर जाते. त्याला तुमचा नंबर माहीत होता म्हणून तो क्लबचा माणूस ठरत नाही, मेंबरच्या याद्या बाहेर फिरतात. हा धंदा फक्त आपल्याकडचा नाही, अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याने २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या ड्रग कार्टेलशी जोडलेल्या टाइमशेअर फसवणुकीच्या कंपन्यांवर निर्बंध घातले, आणि तिथेही पद्धत हीच, म्हाताऱ्या मालकांना फोन करायचा, गिऱ्हाईक तयार आहे म्हणायचं आणि आधी फी मागायची.

दुसरा प्रकार भाड्याच्या जाहिरातीवर येतो. समोरचा भावात काहीही घासाघीस न करता तयार होतो, खोलीबद्दल एक प्रश्न विचारत नाही, आणि क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे ॲडव्हान्स तुमच्या खात्यात येईल. पैसे यायला स्कॅनही लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. घरातल्या मोठ्यांना हे परत परत सांगा, एकदा सांगून होत नाही. गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता जास्त, मग सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर लेखी तक्रार.

प्रश्न: मी घेणाऱ्यांच्या बाजूचा. कूर्गला एका मेंबरचं २ बेडरूम स्वस्तात मिळतंय, आम्ही सहा मोठे आणि दोन मुलं. फसवणूक नाही हे कसं ओळखायचं?
– हडपसर

उत्तर: स्वस्त आहे म्हणून संशय घ्यायचं कारण नाही, वर काकांना सांगितलं तसं ते स्वस्तच असायला हवं. पण आधी मेंबरला विचारा की क्लबच्या नियमात भाड्याने देणं बसतं का, आणि उत्तर लेखी घ्या. मग कन्फर्मेशन व्हाउचर मागा ज्यावर तुमचं नाव गेस्ट म्हणून आलंय, आणि रिसॉर्टला स्वतः फोन करा, नंबर मेंबरने दिलेला नाही तर रिसॉर्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा. बुकिंग नंबर सांगा आणि विचारा की या नावाने बुकिंग आहे का. बरेच लोक इथवर करतात, पण एक प्रश्न राहून जातो, मेंबरची वार्षिक फी थकलेली आहे का. फी थकली तर बुकिंग असूनही चेक-इन अडू शकतं, म्हणून या वर्षीची भरल्याची पावती बघायला मागा, खरा मेंबर रागावणार नाही.

पैसे एकदम देऊ नका. ठरताना ३० टक्के, बाकी तुमचं नाव व्हाउचरवर आल्यावर, बँक ट्रान्सफरने, मेंबरच्याच नावाच्या खात्यात. रद्द झालं तर कोणाचे किती जातील हे मेलवर चार ओळींत लिहून घ्या, व्हॉट्सॲप कॉलवरच्या बोलण्याचा नंतर काही उपयोग होत नाही.

आठ जणांचं मात्र आधीच विचारा. २ बेडरूम म्हटलं तरी किती माणसं चालतात याचा आकडा ठरलेला असतो, जास्तीच्या गादीचे पैसे वेगळे, मुलं कितव्या वर्षापर्यंत फुकट तेही ठिकाणाप्रमाणे बदलतं. सगळ्या मोठ्यांचे ओळखपत्र लागतील, आणि कोणी परदेशी पासपोर्टवाला बरोबर असेल तर पासपोर्ट-व्हिसा लागणारच, रिसॉर्टला त्याची नोंद सरकारकडे करावी लागते. जेवण बहुतेक वेळा भाड्यात नसतं, आठ जणांचं तीन वेळचं रिसॉर्टमध्ये जेवण म्हणजे कधीकधी भाड्याएवढंच बिल होतं, म्हणून किचनेट आहे का, त्यात गॅस किंवा इंडक्शन चालू आहे का, भांडी मिळतात का हे विचारा. आणि निघताना सगळं बिल चुकतं करा, तुम्ही ठेवलेली उधारी मेंबरच्या खात्यावर जाते. याच कारणासाठी देणाऱ्यांनी छोटं डिपॉझिट घेतलं तर घेणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न: क्लब हव्या त्या तारखा कधीच देत नाही, मग भाड्याने तरी काय देणार? तक्रार कुठे?
– औंध

उत्तर: आधी नकार लेखी गोळा करा, ॲपचे स्क्रीनशॉट तारखेसकट. मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता तिथेच केस करता येते, क्लबचं ऑफिस चेन्नईला असो की मुंबईला, तुम्ही पुण्यातच करा. ५० लाखांपर्यंत दिलेल्या रकमेचे वाद जिल्हा आयोगाकडे, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षं, तेव्हा पुढच्या मेपर्यंत बघू असं करत राहू नका.

प्रश्न: मुलगा न्यू जर्सीला असतो, त्याने ऑर्लँडोचं वीक घेतलंय, फी डॉलरमध्ये भरतो आणि भाडं फीपेक्षा कमी येतं. तो म्हणतो साइट चांगली नाही. दुसरी कुठली आहे का?
– बिबवेवाडीहून आई

उत्तर: साइट बदलून फार फरक पडेल असं वाटत नाही. टाइमशेअर भाड्याने द्यायच्या रेडवीकसारख्या साइटवर तिकडचे मालक वर्षानुवर्षं देतायत-घेतायत, गिऱ्हाईक तिथेच आहे. पण डिस्नेमुळे ऑर्लँडोत टाइमशेअर इतके उभे राहिलेत की साध्या आठवड्याला भाव मिळत नाही. शाळांना सुट्टी असते तेव्हाच जातं: नाताळचे ५१-५२ नंबर, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, ईस्टर. सप्टेंबरचं वीक असेल तर फी निघणं अवघड. त्याचं वीक फ्लोटिंग असेल, म्हणजे तारखा दरवर्षी निवडायच्या असतील, तर दरवर्षी सगळ्यात आधी लॉग-इन करून या तारखा धरायला सांगा, फिक्स असेल आणि बारीक सीझनचं असेल तर रिसॉर्टलाच विचारायचं की परत घेता का, काही रिसॉर्ट घेतात. "आम्ही तुम्हाला यातून सोडवतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्या कंपन्यांपासून तिकडेही लांबच राहायचं. आणि भाड्याचे डॉलर त्याच्या तिकडच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचे असतात, इथे ज्यांना भाडं मिळतं त्यांनी इथल्या रिटर्नमध्ये, त्यातून फीचा किती भाग वजा करता येईल ते सीएला विचारून घ्या आणि फीच्या पावत्या जपून ठेवा.